आधी वायर बघू, मग दुकान गाठू

गटाच्या बैठकीत हिशेब मांडताना हल्ली एक शब्द सारखा कानावर येतो, तो म्हणजे दुरुस्ती. गिरणीची दुरुस्ती, शिलाई मशीनची दुरुस्ती, मोबाइलची, टॅबची आणि आता गाडीचीही. पैसे बहुतेक वेळा गटाचे असतात. दुकानदार सांगेल तो आकडा आपण वहीत लिहितो, सही करतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. नेमकं काय बिघडलं होतं, हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आज आम्ही एकच यंत्र घेऊन बसलो आहोत. गाडीच्या पुढच्या काचेजवळ लावलेलं, रस्ता दाखवणारं, तळहाताएवढ्या स्क्रीनचं नेव्हिगेशन यंत्र. ते चार्ज होत नाही, बटण दाबलं तरी सुरू होत नाही, अशा वेळी घरच्या घरी काय तपासायचं, कुठे थांबायचं आणि दुकानात गेल्यावर काय विचारायचं, हे आज बघू.

कुणी म्हणेल, आमच्याकडे असलं यंत्र नाही, आम्ही मोबाइलवरच नकाशा बघतो. तरीही ऐका. मोबाइल असो, टॅब असो की चार्जिंगचा कंदील, आत बॅटरी आणि बाहेर वायर असलेल्या प्रत्येक वस्तूला यातलं बरंच लागू पडतं.

हे यंत्र आपल्याकडे आलं कुठून?

२०१७ मध्ये केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. बचत गटातल्या बायकांनी गावागावांतून प्रवासी गाड्या चालवाव्यात, हा तिचा हेतू. काही गटांनी कर्ज काढून माल नेण्यासाठी जुने पिकअप घेतले. जुन्या गाडीबरोबर असं एखादं यंत्रही येतं. आधीच्या मालकाने लावलेलं असतं, वायर सीटखाली दडलेली असते, पुस्तक हरवलेलं असतं.

याचा उपयोग मात्र खरा आहे. भोरहून वरंध घाटाने महाडकडे उतरताना किंवा कोयनेच्या खोऱ्यात आत शिरल्यावर मोबाइलची रेंज कित्येकदा जाते. या यंत्राला सिमकार्ड लागत नाही, रेंजही लागत नाही. नकाशा त्याच्या पोटातच साठवलेला असतो. आपण कुठे आहोत एवढंच ते आकाशातल्या उपग्रहांकडून समजून घेतं. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांतल्या किमान चारांचा संदेश मिळाला की यंत्र आपली जागा नक्की करतं. मोबाइलमध्येही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, ते तर जरूर करा. पण गाडी चालवणाऱ्या ताईला एका हातात फोन धरावा लागू नये, म्हणून समोर लावलेला वेगळा स्क्रीन बरा पडतो.

विजेची वाट विहिरीसारखी

आता मूळ गोष्ट. आपल्या घरी नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही. विहिरीत पाणी आहे का, मोटर चालू आहे का, पाइप फुटलाय का, टाकी भरली का, असं क्रमाने बघतो. विजेचंही तसंच समजा.

गाडीची मोठी बॅटरी ही विहीर. गाडीतलं सिगारेट लायटरचं सॉकेट हा विहिरीवरचा पंप. त्यात घालायचा चार्जर म्हणजे मधला व्हॉल्व्ह. वायर म्हणजे पाइप. यंत्राला वायर जिथे लागते ती खाच म्हणजे टाकीचं तोंड. यंत्राच्या आतली छोटी बॅटरी ही टाकी. आणि स्क्रीन म्हणजे आपल्या हातातला नळ.

यात दोन आकडे लक्षात ठेवा. छोट्या गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना सॉकेटला साधारण १४ व्होल्ट येतात. यंत्राला मात्र ५ व्होल्टच लागतात. १२ चे ५ करायचं काम चार्जर करतो. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणून ट्रकवरचा चार्जर आणि पिकअपचा चार्जर न बघता अदलाबदल करू नका. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. मुलांकडून वाचून घ्या, चष्मा लावून स्वतः वाचलंत तर उत्तमच.

तपासणी विहिरीकडून सुरू करायची, कारण तिकडचे दोष स्वस्तात निघतात. नळ फोडायची वेळ सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: सॉकेट आणि फ्यूज

चार्जर सॉकेटमध्ये घाला. बऱ्याच चार्जरवर छोटा दिवा असतो, तो लागतो का बघा. लागत नसेल तर आधी किल्ली फिरवा. काही गाड्यांत किल्ली एक घर फिरवल्याशिवाय सॉकेटला वीज येत नाही. तरी दिवा लागला नाही तर त्याच सॉकेटमध्ये दुसऱ्या गाडीतला, चालू असलेला मोबाइल चार्जर लावून बघा. तोही मुका राहिला तर दोष गाडीकडे आहे, यंत्राकडे नाही.

सॉकेटच्या तळाशी धूळ, तंबाखूची पुडी, कधी एखादं नाणं पडलेलं असतं. नाण्याने आतल्या आत वीज जोडली जाते आणि गाडीचा फ्यूज उडतो. किल्ली काढून घ्या आणि मगच सॉकेट साफ करा. आत पिन किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

गाडीच्या फ्यूजचा डबा बहुतेक स्टिअरिंगखाली असतो आणि कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर छापलेलं असतं. हे फ्यूज रंगाने ओळखता येतात. लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. उडालेल्या फ्यूजच्या आतली पट्टी तुटलेली दिसते. नवा घालताना त्याच आकड्याचा घाला. मोठा घालू नका आणि चांदीचा कागद किंवा तार तर मुळीच नको. फ्यूज हा राखणदार आहे. त्याला बांधून घातलं तर उद्या वायर पेटेल.

आता ज्याचा बऱ्याच जणींना पत्ताच नसतो तो दुसरा फ्यूज. पुष्कळ चार्जरच्या पुढच्या टोकाला गोल धातूची टोपी असते. ती फिरवली की निघते. आत स्प्रिंग आणि काचेचा लहानसा फ्यूज असतो. त्याच्यातली केसासारखी तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल तर तो गेला. नुसत्या डोळ्यांना कळलं नाही तर एक पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि दोन तुकडे वायर घ्या. मध्ये फ्यूज जोडल्यावर बल्ब लागला तर फ्यूज ठीक. टोपीवर किंवा फ्यूजच्या धातूच्या टोकावर आकडा लिहिलेला असतो, त्याच आकड्याचा नवा आणायचा. उघडताना स्प्रिंग उडून जाते, म्हणून खाली ताट किंवा रुमाल धरा.

एका गटाची गोष्ट

आमच्या भागातल्या एका गटाच्या पिकअपमधलं यंत्र मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला माल न्यायच्या चार दिवस आधी बंद पडलं. गाडी चालवणाऱ्या ताई ते तालुक्याला दाखवून आल्या. न उघडताच उत्तर मिळालं, “बोर्ड गेलंय, दोन हजार लागतील.” वर एक शेराही मिळाला, की बायकांच्या हातात असलं सामान टिकत नाही.

बैठकीत दोन हजारांचा विषय निघाला. तेव्हा गिरणी चालवणाऱ्या काकूंनी विचारलं, “बोर्ड गेलं हे कुणी कशावरून ठरवलं? गिरणी बंद पडली तर मी आधी फ्यूज बघते.” सगळ्या उठून गाडीपाशी गेल्या. सॉकेटमध्ये दुसरा चार्जर चालत होता. यंत्राच्या चार्जरची टोपी फिरवली तर काचेचा फ्यूज काळा पडलेला. नवा आणून घातला, तोही लगेच उडाला.

इथे कुणी म्हणालं असतं, बघा, दुकानदार बरोबरच होता. पण काकूंचं म्हणणं होतं की फ्यूज उगाच उडत नाही, त्याला कुणीतरी उडवतं. वायर हाताने चाचपत नेली. सीट मागेपुढे सरकते त्या पट्टीखाली ती चेचली होती आणि आतल्या दोन तारा एकमेकींना लागत होत्या. नवा चार्जर आणि वायर मिळून साडेतीनशे रुपये झाले. यंत्र चालू झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं.

उरलेले पैसे गटाच्या खात्यात राहिले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की गाडी चालवणाऱ्या ताईंनी तो शेरा पुन्हा ऐकून घेतला नाही.

दुसरी पायरी: वायर आणि चार्जर

वायर हा सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग. ती रोज वाकते, दारात अडकते, उन्हात कडक होते. बहुतेक वेळा ती टोकापाशी, जिथे पिन सुरू होते तिथेच आतून तुटते. वरचं रबर चांगलं दिसतं आणि आत तार तुटलेली असते. वायर लावून टोकाशी हळूच इकडेतिकडे वाकवा. चार्जिंगची खूण येते-जाते असं दिसलं तर वायर बदला. चिकटपट्टी गुंडाळून चार दिवस निघतील, पण तिथे ऊब धरते, म्हणून तो कायमचा उपाय नाही.

पिनचे प्रकार नीट बघून घ्या. जुन्या नेव्हिगेशन यंत्रांना मिनी यूएसबी लागते. ती मोबाइलच्या जुन्या मायक्रो यूएसबीपेक्षा जाड असते. नव्यांना टाइप-सी. दिसायला सारखी म्हणून दुसरी पिन जोराने घुसवली की आतली जीभ मोडते आणि मग मात्र खरोखरच दुकानात जावं लागतं. दुकानात जुनी वायर घेऊनच जा.

चार्जरवर ‘आउटपुट ५ व्होल्ट’ आणि पुढे अँपिअरचा आकडा असतो. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे धार किती जाड. उंची तंतोतंत जुळली पाहिजे. धार मात्र लागते त्यापेक्षा जाड असली तरी चालते, कारण यंत्र स्वतःला हवं तेवढंच घेतं. धार बारीक असली तर अडचण होते. स्क्रीन चालू ठेवण्यातच सगळी वीज संपते, टाकी भरतच नाही. चार्जिंगची खूण दिसते आणि आकडा पुढे सरकत नाही, त्याचं हे एक कारण.

कॉम्प्युटरला लावून चार्ज करायला गेलात तर कॉम्प्युटरच्या जुन्या खाचेतून अर्धाच अँपिअर मिळतो. शिवाय काही यंत्रांना वाटतं, आपल्याला माहिती द्यायला-घ्यायला जोडलंय. मग ती स्क्रीनवर कॉम्प्युटरचं चित्र दाखवून गप्प बसतात. ते यंत्र बिघडलेलं नसतं. म्हणून घरातल्या भिंतीच्या बोर्डावर ५ व्होल्टचा चांगला चार्जर आणि योग्य वायर लावून एकदा जरूर तपासा. भिंतीवर चाललं आणि गाडीत चाललं नाही, तर दोष गाडीकडच्या बाजूला आहे, हे पक्कं झालं.

गटाकडे एक साधा मल्टिमीटर असावा असं आम्हाला वाटतं. दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. डीसी २० व्होल्टच्या घरावर काटा ठेवून सॉकेटला १२ ते १४ दिसतात का, चार्जरमधून ५ येतात का, एवढं बघायला शिकलं तरी पुष्कळ. गावातल्या वायरमनकडून किंवा आयटीआय शिकलेल्या पोरीकडून एका बैठकीत शिकून होतं.

तिसरी पायरी: यंत्राची खाच

वायर नवी, चार्जर चांगला, तरी पिन ढिली बसते किंवा पूर्ण आत जात नाही, तर खाचेत कचरा आहे. आपल्या रस्त्यांवरची लाल धूळ आणि पिशवीतला कापसाचा भुगा दाबून दाबून आत घट्ट बसतो. यंत्र बंद करा, वायर काढा, उजेडात धरून लाकडी दातकोरणीने हळूच तो भुगा ओढून काढा. टाचणी किंवा सुई घालू नका, त्याने आतले बारीक संपर्क वाकतात किंवा एकमेकांना टेकतात.

हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती ओलीची खूण. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचं द्रव्य लावतात, ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जुन्या मऊ ब्रशला थोडंसं लावून पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हे द्रव्य पेट घेतं, म्हणून चुलीजवळ नको. घरातलं रॉकेल, खोबरेल तेल किंवा सॅनिटायझर वापरू नका. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकट ग्लिसरीन असतं.

यंत्र पावसात भिजलं असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका. पुसून, वाऱ्यावर, सावलीत, पंख्यासमोर दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरण्याची पद्धत सगळीकडे सांगतात, पण तिचा विशेष उपयोग नाही आणि तांदळाची भुकटी खाचेत जाते.

चौथी पायरी: झोपलेल्याला उठवणं

वीज पोहोचते आहे, तरी स्क्रीन काळाच. आता यंत्राच्या मेंदूला हलवून बघायचं. मोबाइल अडकला की आपण बटण दाबून धरतो, तसंच इथेही करायचं. चालू करायचं बटण सलग वीस-तीस सेकंद दाबून धरा आणि सोडा. पुष्कळ यंत्रं एवढ्यानेच जागी होतात. काहींना पाठीमागे टाचणीएवढं भोक असतं, त्याच्याशेजारी ‘रिसेट’ लिहिलेलं असतं. असं लिहिलेलं असेल तरच आत टोक घाला. नुसतं भोक दिसलं तर ते मायक्रोफोनचं असू शकतं आणि टाचणीने ते फाटतं.

कंपनीचं चिन्ह येतं, पुन्हा काळं होतं, पुन्हा चिन्ह येतं, असं चाललं असेल तर मेमरी कार्ड काढून बघा. खराब झालेल्या कार्डातला नकाशा वाचता वाचता यंत्र अडखळतं. कार्ड काढल्यावर नीट सुरू झालं तर दोष कार्डाचा.

सुरू झाल्यावर लगेच जागा दाखवली नाही म्हणून घाबरू नका. बरेच महिने बंद राहिलेल्या यंत्राला उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने गोळा करावं लागतं. ते पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. गाडी मोकळ्या आभाळाखाली, झाडाखाली नाही, पाऊण तास उभी ठेवा. आणि तारीख भलतीच दाखवत असेल, तर त्यालाही कारण आहे. उपग्रह आठवडे मोजतात, आणि १०२४ आठवडे झाले की त्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये अशी मोजणी शून्यावर आली, तेव्हापासून काही जुन्या यंत्रांची तारीख चुकते. रस्ता दाखवण्याचं काम त्यातली बरीच यंत्रं करतात.

पाचवी पायरी: आतली बॅटरी, आणि इथे जपून

यंत्राच्या पोटातली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. मोबाइलमध्येही हीच. तिच्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं, पूर्ण भरली की ४.२ होतात. ही बॅटरी महिनोन्महिने न वापरता पडून राहिली की इतकी रिकामी होते, की तिच्यातलं संरक्षणाचं सर्किट दार लावून घेतं. मग वायर लावल्यावर पहिला बराच वेळ काहीच दिसत नाही. अशा वेळी दोन-तीन तास चार्जिंगला ठेवा, दिवसा, लक्ष असताना. गादीवर, कापडाखाली ठेवू नका. फरशीवर ठेवा. मध्येमध्ये हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर लगेच वायर काढा.

वायर लावली की चालतं, काढली की लगेच बंद, असं असेल तर बॅटरी म्हातारी झाली. पण बॅटरी फुगलेली नसेल आणि यंत्र गाडीत कायम वायरवरच चालणार असेल, तर लगेच खर्च करायची गरज नाही, हेही लक्षात घ्या. तो निर्णय गटाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्राची पाठ उचललेली दिसते, स्क्रीन कडेने वर आलाय, टेबलावर ठेवलं तर डोलतं, गोडसर उग्र वास येतो, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. त्याक्षणी थांबायचं. चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. आत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. यंत्र घराबाहेर, मुलांपासून दूर, उन्हात नाही अशा जागी, मातीवर किंवा फरशीवर ठेवा आणि जाणकाराकडे द्या. धूर निघाला तर जवळ जाऊ नका, धूर श्वासात घेऊ नका, सगळ्यांना दूर करा. दोन हजारांचं यंत्र वाचवायच्या नादात हात भाजून घ्यायचा नाही.

फुगण्याचं मोठं कारण ऊन. उन्हाळ्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत काचेजवळची जागा तव्यासारखी तापते. या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. म्हणून गाडी उभी केली की यंत्र काढून घरात आणा. बरेच दिवस वापरायचं नसेल तर अर्धी भरून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडी भरा.

दुकानात गेल्यावर

इतकं सगळं बघूनही चाललं नाही, तर दुकान गाठायचं. पण आता आपण रिकाम्या हाताने जात नाही. काय काय तपासलं ते कागदावर लिहून न्या. सॉकेटला वीज आहे, चार्जर बदलून बघितला, वायर नवी, खाच साफ केली, बटण दाबून धरलं, भिंतीवरही चार्ज होत नाही. हे ऐकलं की समोरच्याचं बोलणं बदलतं.

खाच आतून ढिली झाली असेल तर तिला पुन्हा डाग द्यावा लागतो किंवा नवी बसवावी लागते. दुकानात त्याला चार्जिंग जॅक बदलणं म्हणतात. बॅटरी बदलायची असेल तर तीन गोष्टी विचारा. व्होल्ट तेच आहेत का? आकार तोच आहे का? वायरी तितक्याच आहेत का? काही बॅटऱ्यांना दोन वायरी असतात, काहींना तीन. तिसरी वायर बहुधा बॅटरीचं तापमान सांगते. ती कापून टाकून भलतीच बॅटरी बसवू देऊ नका.

आणखी चार गोष्टी सांभाळा. उघडण्याआधी खर्चाचा अंदाज विचारा. काढलेला जुना भाग परत मागा. पावती घ्या. नव्या भागाला किती दिवसांची हमी, ते पावतीवर लिहून घ्या. आणि बैठकीतच ठरवून जा, की अमुक रुपयांपर्यंत दुरुस्ती, त्यापुढे नाही. जुन्या यंत्राचा स्क्रीन गेला असेल तर बहुतेक वेळा पैसे घालण्यात अर्थ नसतो. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टलही सुरू केलं. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी ठेवली आहे.

दुरुस्त होणारच नसेल तर यंत्र किंवा बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीत तर अजिबात नाही. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुना माल परत गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. गावात एक पत्र्याचा डबा ठेवा, त्यात कोरडी वाळू घाला, जुन्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्यात जमा करा आणि तालुक्याला जाणाऱ्या गाडीतून संकलन केंद्रावर पोहोचवा. फुगलेली बॅटरी मात्र या डब्यात नको, ती वेगळी ठेवा.

गटाच्या वहीत एक पान

शेवटी एक काम. गटाच्या वहीत दुरुस्तीसाठी एक पान राखून ठेवा. तारीख, वस्तू, काय होत होतं, काय तपासलं, दोष कुठे निघाला, खर्च किती, असे सहा रकाने. वर्षभराने ते पान वाचलंत की कळेल, की पैसे कुठे जातात आणि कुठल्या दुकानात खरं सांगतात. नवी मुलगी गटात आली, गाडी चालवायला शिकली, की तिच्या हातात किल्लीबरोबर हे पानही द्या.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. गटात कुणाचातरी बंद पडलेला मोबाइल किंवा कंदील असेलच. तो आणा, मध्ये ठेवा आणि विहिरीपासून नळापर्यंत एकेक पायरी सगळ्यांनी मिळून तपासा. दोष कुठे सापडला, ते आम्हाला केंद्रावर नक्की कळवा. तुमची उत्तरं आम्ही पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर वायर जपा, बॅटरी उन्हात ठेवू नका. नमस्कार.